तिशी उलटली म्हणून वकिलीचं दार बंद होत नाही

गणपतीपासून आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "वकील व्हायचं तर बारावीनंतर पाच वर्षांचाच कोर्स लागतो. तिशीनंतर प्रवेश नाही. पंचेचाळिशीनंतर सनद (वकिलीचा परवाना) नाही. सनदेलाच वीस-पंचवीस हजार जातात." मी रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करते. हा मेसेज वाचून ओळखीतल्या एका बेचाळीस वर्षांच्या ताईंनी सीईटीचा, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा, विचारच सोडला. बी.ए. झालेल्या, सासरच्या सामाईक जमिनीच्या वाटपात सातबारा-फेरफार पालथे घातलेल्या बाई. याची मला फार चुटपुट लागली आहे.

पंचेचाळिशीची अट एकेकाळी होती, हे खरं. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेनेच तसा नियम केला होता. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तो रद्द केला. तरुणपणी सनद घेऊन दुसऱ्या नोकरीत गेलेला माणूस पंचेचाळिशीनंतर परत वकिलीत येऊ शकत होता. मग त्याच वयात पहिल्यांदा येणाऱ्यालाच का अडवायचं? अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम २४ मध्ये वयाची एकच अट आहे, २१ वर्षं पूर्ण. वरची मर्यादा कायद्यात नाहीच. तीस वर्षांपूर्वी मेलेला नियम आजही लोकांना घाबरवतोय!

तिशीची गोष्ट प्रवेशाची. २०१६ मध्ये बार कौन्सिलने पाच वर्षांच्या कोर्सला २० आणि तीन वर्षांच्या कोर्सला ३० अशी मर्यादा पुन्हा आणली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली. आपल्या राज्याच्या लॉ सीईटीला वयाची अट नाही. आणि पाच वर्षांचाच कोर्स कशाला? कुठल्याही शाखेचा पदवीधर तीन वर्षांत एलएल.बी. करतो. त्यासाठी मुंबईलाच जायला हवं असंही नाही, रत्नागिरीत भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे. मात्र घरबसल्या, पत्राद्वारे मिळवलेली कायद्याची पदवी सनदेला चालत नाही.

पैशांचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालाप्रमाणे सनदेचं नोंदणी शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. मुद्रांक शुल्क वेगळं. त्यावर राज्य बार कौन्सिलला इतर नावांनी पैसे घेता येत नाहीत.

मेसेजमध्ये नसलेली खरी अडचण वेगळीच आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही. मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतलेल्या चाकरमान्याला ती आडवी येत नाही, नोकरीत असलेल्याला येते. शिवाय सनद घेतल्यावर अखिल भारतीय बार परीक्षा आहेच. ती मराठीतूनही देता येते.

ताईंना मी आज फोन करणार आहे. बी.ए.ची गुणपत्रिका घेऊन या म्हणून सांगते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, तेवढे आहेत का ते आधी बघू.