येझदीच्या सिलिंडरखाली सिलिकॉन फासू नका

जुन्या जावा-येझदी आणि बुलेटवाल्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतोय. इंजिन बांधताना जोडांमधल्या कागदी पॅकिंगच्या (गॅस्केटच्या) नादी लागू नका, सिलिंडरखाली सिलिकॉनचा जाड थर द्या. तरीही गळलं तर दोन पॅकिंग एकावर एक टाका. तांब्याचं हेड पॅकिंग तापवून पाण्यात बुडवू नका, कडक होतं. हेडचे नट अंगात जोर असेल तेवढे आवळा आणि गाडी तापली की गरम इंजिनावरच पुन्हा तपासा. बोअर करत (सिलिंडर आतून कोरून मोठा करत) बसू नका, नव्या रिंगा टाका. आणि सुरुवातीला पेट्रोलमध्ये ऑइल दुप्पट घाला. साताऱ्यातले चांगले हात असलेले पोरगेही आता हे छातीठोकपणे सांगायला लागलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. तिथला एक ब्लॉक (सिलिंडर) वाया गेला की तो परत घडत नाही.

सर्वांत घातक मुद्दा सिलिकॉनचा. जुनी येझदी टू-स्ट्रोक आहे. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये (क्रँकच्या बंद पेटीत) ओढ तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून मिश्रण आत येतं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटेने, म्हणजे ट्रान्सफर पोर्टमधून, वर चढतं. त्यामुळे सिलिंडरखालच्या पॅकिंगला प्रत्येक फेऱ्यात एकदा ओढ आणि एकदा दाब सोसावा लागतो, तोही पेट्रोलच्या सतत सहवासात. बाजारात मिळणारं साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, मऊ पडतं आणि पकड सोडतं. जाड थर दिला असेल तर नट आवळताना त्याची वळी आतल्या बाजूला निघते. ती तुटली की थेट ट्रान्सफर पोर्टच्या वाटेला लागते.

बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. तेल ठिबकत नाही म्हणून मालक समाधानी असतो. पण या जागी खरी भीती तेल बाहेर जाण्याची कमी आणि हवा आत शिरण्याची जास्त असते. आगंतुक हवा शिरली की पेट्रोलचं प्रमाण घटतं आणि पिस्टन तापतो. पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत गाडी छान चालते. यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढ लागला की अंगातला दम गेल्यासारखी होते, एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनवर उभे ओरखडे उठतात आणि शेवटी गाडी जाम होते. कासवरून उतरताना धोका वेगळा असतो. थ्रॉटल बंद असला की आत ऑइल आधीच कमी जातं, त्यात ही चोरटी हवा. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा आवाज पटकन खाली येत नसेल, प्लग पांढराफटक निघत असेल, तर कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलण्याआधी सिलिंडरचं बूड तपासा.

बुलेट फोर-स्ट्रोक आहे, तिथे कारण वेगळं. सिलिकॉनचे सुटलेले तुकडे इंजिन ऑइलबरोबर फिरतात आणि ऑइलच्या बारीक वाटा बुजवतात. एखाद्या कव्हरच्या कडेला योग्य जातीच्या सिलिकॉनचा पापुद्र्याइतका हात देणं मला मान्य आहे. ब्लॉकखाली मात्र कागदच हवा.

तो कागद कसा बसवायचा, इथे घाई नको. दोन्ही पृष्ठभागांवरचं जुनं पॅकिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा; पात्याने ॲल्युमिनियमवर चर पडते आणि ती चर म्हणजे हवेचा कायमचा रस्ता. तयार पॅकिंग मिळत नसेल तर कागद ब्लॉकच्या बुडावर धरून ऑइल लागलेल्या अंगठ्याने कडेकडेने चोळा, कडांची काळी रेघ आपोआप उमटते. हातोडीने टकटक करून कागद कापायची पद्धत जुनी असली तरी तिने कड बोथट होते, मला ती पटत नाही. ट्रान्सफर पोर्टची खिडकी कागदात नीट मोकळी करा. कागदाची जीभ पोर्टमध्ये डोकावली तर मिश्रणाची वाट अडते. बसवताना कागदाला टू-स्ट्रोक ऑइलचा हात पुरतो.

दोन पॅकिंगचा सल्ला ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण त्याने इंजिनाचं मापच बदलतं. येझदी २५० चा बोअर ६५ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी. अर्ध्या मिलिमीटरचं एक जादा पॅकिंग टाकलं की सिलिंडर तेवढा वर उचलला जातो आणि पिस्टनच्या डोक्यावर सुमारे १.६६ सीसी जागा वाढते. कंप्रेशन तेवढं उतरतं. शिवाय पोर्ट सिलिंडरच्या भिंतीत कोरलेले असतात, म्हणून तेही वर सरकतात: एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर लवकर उघडतात, इनलेट उशिरा उघडून लवकर बंद होतो. खालून ओढ मारणारी, चढावर खेचणारी येझदी अशाने मवाळ होते आणि लोक कार्ब्युरेटरला दोष देत बसतात. गळती पृष्ठभाग वाकल्यामुळे असेल तर दुसऱ्या कागदाने ती थांबत नाही. जाड सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून बूड हलक्या हाताने आठच्या आकड्यात फिरवा. जिथे घासलं जात नाही तो खळगा लगेच कळतो.

तांब्याबद्दलचा मुद्दा सरळसरळ उलटा आहे. लाल करून पाण्यात बुडवल्यावर पोलाद कडक होतं, तांबं नाही. वापरात दाब खाऊन तांबं कडक होतं आणि मंद लालसर तापवल्यावर पुन्हा मऊ पडतं. नंतर ते पाण्यात बुडवा नाहीतर हवेत निवू द्या, मऊपणा तेवढाच राहतो. पाण्याने वरची काळी खपली सुटते, हा उलट फायदा. चिरलेलं किंवा आतल्या कडेला जळलेलं पॅकिंग मात्र टाकून द्या.

नट जोराने आवळल्याने सील घट्ट होत नाही. स्टड ताणले जातात, ॲल्युमिनियममधले आटे उपसून येतात आणि बोअरचा गोलही किंचित बिघडतो. समोरासमोरचे नट आलटून पालटून, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा. गाडी एकदा तापवून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तपासा. हे पुन्हा तपासणं त्या सल्ल्यात आहे आणि ते बरोबरही आहे, फक्त तो गरम इंजिनावरच करायला सांगतो आणि तिथेच चुकतो.

रिंगांचं थोडक्यात. जुन्या बोअरमध्ये वरची रिंग जिथपर्यंत चढते तिथे झिजेची पायरी तयार झालेली असते. नवी, धारदार कडेची रिंग तिच्यावर आदळून तुटू शकते. बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजा. झिजला असेल तर आधी ओव्हरसाइज पिस्टन आणा आणि ब्लॉकबरोबर तो पिस्टनही लेथवाल्याच्या हातात द्या, कारण बोअर त्या पिस्टनच्या मापाने करायचा असतो. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडांची धार बोथट करून घ्यायला विसरू नका. रिंग पिस्टनने ढकलून बोअरमध्ये सरळ बसवा आणि तोंडातली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) बघा. ६५ मिमीला साधारण पाव मिलिमीटर धरतात. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगेच्या खाचेत छोटी पिन असते, रिंगेची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना आलीच पाहिजेत. ब्लॉक उतरवताना हे निसटलं तर जोर लावू नका, पुन्हा वर घ्या.

दुप्पट ऑइलने पिस्टन वाचत नाही. १:२५ प्रमाणात एका लिटरला ४० मिली ऑइल पडतं. ते ८० केलं की त्याच जेटमधून तेवढ्याच द्रवात पेट्रोल कमी जातं, मिश्रण उलट कमजोर होतं आणि एक्झॉस्टमध्ये काजळी साचते ती वेगळीच.

शेवटी, इंजिन बांधल्यावर खात्री कशी करायची? घरातल्या बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि मीटर पुरतो. कार्ब्युरेटर आणि दोन्ही सायलेन्सर काढा. त्या तोंडांवर जुन्या ट्यूबचं रबर ठेवून पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद करा आणि इनलेटच्या पट्टीतून नळी आत घ्या. पिस्टन खालच्या टोकाला ठेवून मीटरवर ३०० (मिमी पारा) पर्यंत हवा भरा, म्हणजे सुमारे ०.४ बार. काही मिनिटं काटा जागेवर राहिला तर काम झालं. उतरला तर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे सिलिंडरच्या बुडाशी आले तर पॅकिंग बघा, डायनॅमोच्या बाजूला आले तर क्रँकचं ऑइल सील. कुठेच आले नाहीत आणि काटा तरी उतरतोय, तर क्लचच्या बाजूचं सील गेलंय आणि हवा चेनकेसमध्ये जातेय. तेही बदला, मगच कार्ब्युरेटर चढवा.