डब्यात डबा

"काका, डॉकर टाक ना. पाच मिनिटांचं काम!" पुतण्या फोनवर म्हणाला. मला फक्त घरातल्या पुस्तकांची यादी ठेवणारा एक प्रोग्राम हवा होता. तो म्हणे कंटेनरमधूनच येतो, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बांधलेल्या डब्यातून; आणि असे डबे चालवतं ते डॉकर.

शनिवारी सकाळी नऊला बसलो. पहिला शोध : हे कंटेनर लिनक्सचे, आणि माझ्याकडे विंडोज. म्हणून विंडोजच्या पोटात डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय), त्यात उबुंटू (लिनक्सचाच एक अवतार), त्यात डॉकर, त्यात कंटेनर आणि त्यात एकदाचा माझा प्रोग्राम. आईनं जरीच्या दोन साड्या देऊन बोहारणीकडून घेतलेला डब्यांचा सेट आठवला. त्याच्याही सगळ्यात आतल्या डब्यात चार वेलदोडेच मावायचे.

एका ओळीची कमांड दिली, मशीन रीस्टार्ट केलं, तर एरर. डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत खराखुरा लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, छोट्याशा व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या लटक्या मशीनमध्ये चालतो. त्यासाठी प्रोसेसरमधलं व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं. माझं बंद होतं. ते चालू करायचं बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, आणि बायोसमध्ये शिरायचं तर मशीन उठता उठता नेमक्या क्षणी डिलीट दाबायचं. दादरला लोकल पकडण्याचा अनुभव इथे कामी येतो. चौथ्या खेपेला चढलो. आत व्हर्च्युअलायझेशन नावाचं काहीच नाही! माझा प्रोसेसर एएमडी कंपनीचा, आणि तिथे त्याला 'एसव्हीएम मोड' म्हणतात. जन्मदाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, तशातली गत.

मग उबुंटूनं पासवर्ड मागितला. टाइप करतोय, स्क्रीनवर ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड बिघडला समजून मी दुसरा आणला. लिनक्सचा पासवर्ड हे गुप्तदान आहे, देणाऱ्यालाही दिसत नाही, हे नंतर पुतण्यानं सांगितलं.

दुपारी साडेतीनला डॉकर चालू झालं. चाचणीचा 'हॅलो वर्ल्ड' कंटेनर सोडला. "हॅलो फ्रॉम डॉकर!" मी ओरडलोच. बायको धावत आली.

"काय झालं?"

"हॅलो म्हणाला!"

"मग आता काय करतोय?"

कंटेनरची यादी काढून पाहिली. तो कंटेनर हॅलो म्हणून लगेच संपतो, तेवढंच त्याचं काम. डॉकर प्रत्येक कंटेनरला एक विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचं आडनाव जोडून आपल्या मनानं नाव ठेवतं. माझ्याकडे आलेल्याचं नाव होतं 'नर्व्हस रामानुजन'.

"गेले," मी म्हणालो.

"कोण?"

"रामानुजन."

"अहो, आधी जेवून घ्या," ती म्हणाली.