टाचेच्या मशीनला नको, प्लास्टर रूमला पैसे द्या

२० ऑक्टोबरचा जागतिक ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) दिन जवळ आला की 'मोफत हाडांची तपासणी'चे फ्लेक्स लागायला लागतात. देणगीदार खूश, कारण एका सकाळी दोनशे जण तपासल्याचा फोटो मिळतो. स्पष्टच सांगायचं तर यातले बरेचसे पैसे वाया जातात.

शिबिरात असतं ते टाचेचं अल्ट्रासाउंड मशीन. जेल लावलं की काही मिनिटांत रंगीत कागद बाहेर. त्यावर टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत आपली हाडं कुठे आहेत तो आकडा) उणे २.५ दिसला की बाई घाबरते. पण ऑस्टिओपोरोसिस ठरवणारी उणे २.५ ची रेषा डेक्सा स्कॅनची (हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीची) आहे, खुब्याची आणि कमरेच्या मणक्यांची. टाचेच्या आकड्याला ती लावता येत नाही. टाचेवरून फार तर पुढे कोणाला पाठवायचं ते कळतं, आणि नेमका पुढच्या डेक्साचाच खर्च शिबिराच्या बजेटात नसतो. कॅल्शियमची एक स्ट्रिप हातात पडते, विषय संपतो.

चाळणीच लावायची तर फ्रॅक्स, म्हणजे हाड मोडण्याचा धोका काढणारा ऑनलाइन कॅल्क्युलेटर, फुकट आहे. वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइड, धूम्रपान अशी माहिती भरायची. डेक्साचा आकडा नसला तरी चालतं, आणि भारतासाठी त्याचं वेगळं गणित आहे. वाचलेले पैसे डेक्साच्या कूपनवर आणि सोबत येणाऱ्या माणसाच्या रिक्षाभाड्यावर खर्च करा. (कूपनवर एवढं छापा: त्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी नको, साडीला सेफ्टी पिन नको. दोन्ही मणक्यांच्या चित्रात उमटतात आणि घनता खोटी जास्त दिसते.)

पण खरी गरज आहे ती दुसरीकडेच. साठीची बाई मोरीत घसरते, मनगट मोडतं, प्लास्टर घालतात, काही आठवड्यांनी काढतात. हाडं ठिसूळ आहेत का, हे कोणी विचारत नाही. पुढचं फ्रॅक्चर होण्याचा धोका हिलाच जास्त, आणि ते खुब्याचं असू शकतं. हिला शोधायला मशीन लागत नाही, प्लास्टर रूमचं रजिस्टर पुरतं. पन्नाशीनंतर नुसत्या पडण्याने हाड मोडलेल्या प्रत्येकाला फोन करणारी एक नर्स हवी. तिचा वर्षभराचा पगार कोणी स्पॉन्सर करत नाही, कारण पगारावर नावाची पाटी लावता येत नाही!

औषधाला देणगी देणार असाल तर जपून. झोलेड्रोनिक ॲसिड हे हाडांची झीज रोखणारं औषध ५ मिग्रॅ वर्षातून एकदा शिरेतून देतात, त्यामुळे धर्मादाय कामाला ते सोयीचं. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायलाच हवं. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते देत नाहीत. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, हे आधी सांगितलं नाही तर पुढच्या वर्षी पेशंट येत नाही. डेनोसुमॅब या हाडांच्याच दुसऱ्या इंजेक्शनचं मात्र दर सहा महिन्यांचं बंधन आहे. निधी संपला म्हणून दुसरं औषध सुरू न करताच ते थांबवलं, तर घनता झपाट्याने घसरते आणि मणके एकामागोमाग मोडू शकतात. एका वर्षाच्या देणगीवर ते सुरूच करू नये.

संशोधनाला मदत म्हटलं की लोकांना प्रयोगशाळा आठवते. जिल्हा पातळीवर खुब्याच्या फ्रॅक्चरची साधी नोंदवही ठेवणं, हेही संशोधनच. वय, कुठे पडली, ऑपरेशनला किती दिवस लागले, घरी जाताना हाडांचं औषध सुरू झालं का, वर्षाने चालते का. एथिक्स कमिटीची परवानगी, एक डेटा एंट्रीवाला आणि वर्षाने करायच्या फोनचं बिल, एवढाच काय तो खर्च. चेक देण्याआधी त्या संस्थेला एकच विचारा: गेल्या वर्षी धोका जास्त निघालेल्यांपैकी किती जण आज औषधावर आहेत?