दाराबाहेर बसलेले आईवडील

चार वर्षांचे मूल बोलताना अडखळू लागले की आपल्याकडे घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असते की मोठा झाला की आपोआप सुटेल, उगाच लक्ष देऊ नका. दुसरा मुलाला स्पीच थेरपिस्टकडे नेतो, फी भरतो आणि अर्धा तास दाराबाहेर बसून राहतो. पुण्यात माझ्या भाच्याच्या बाबतीत हे दोन्ही झाले. सिडनीत राहून येथील पद्धत जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की आईवडिलांना दाराबाहेर बसवले, तर उपचारातला महत्त्वाचा भागच बाहेर राहतो.

येथील लिडकम उपनगराच्या नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम मुख्यतः सहा वर्षांखालील मुलांसाठी आहे. त्यात प्रत्यक्ष उपचार घरी आई किंवा वडील करतात आणि थेरपिस्ट दर आठवड्याला भेटून त्यांना तयार करतो. मुलाच्या दिवसभराच्या बोलण्याला 0 (अजिबात अडखळणे नाही) ते 9 (अतिशय तीव्र अडखळणे) यांपैकी आकडा द्यायचा. खेळताना वाक्य सरळ आले की ‘किती छान बोललास’ म्हणायचे आणि अडखळल्याचा उल्लेख क्वचित, तोही हळुवारपणे करायचा. माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाच्या थेरपिस्टला मराठीचा गंधही नव्हता. घरचे सारे बोलणे मराठीत असल्यामुळे आईने दिलेला आकडाच तिचा मुख्य आधार होता, म्हणून पहिल्या भेटीपासून तिने आईचा कान तयार करण्यावर भर दिला.

न्यूझीलंडमधील 54 मुलांच्या चाचणीत (2005) नऊ महिन्यांनी या कार्यक्रमातील मुलांचे अडखळणे इतरांपेक्षा बरेच कमी झाले होते. इतर मुलांपैकीही काही सुधारली होती, म्हणजे ‘आपोआप सुटेल’ हे अगदीच खोटे नाही. मात्र कोणाचे सुटेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही.

‘आईनेच धाक घातला म्हणून मूल तोतरे झाले’ हा आरोप मात्र कायमचा थांबायला हवा. तोतरेपणात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि आईला उपचारात घेणे म्हणजे तिच्यावर ठपका ठेवणे नव्हे. ही भीती असेपर्यंत अनेक आया दाराबाहेरच बसतील.

येथील पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही, कारण येथे मुलाशी बोलणारी माणसे दोन आणि आपल्याकडे सहा. आई कौतुक करत असताना आजोबा ‘नीट बोल, सावकाश बोल’ म्हणून टोकत राहिले, तर तिची मेहनत वाया जाते. तेव्हा पुण्या-मुंबईच्या थेरपिस्टांनी पहिल्या महिन्यातच एकदा आजी-आजोबांनाही आत बोलवावे, मुलाशी खेळायला बसवावे आणि कुठे थांबायचे ते तिथल्या तिथे दाखवावे.