जुनी जीप गळणारच का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार.

सीजे-३बी जीपच्या ट्रान्सफर केसमधल्या (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या अॅक्सलना ताकद वाटणारा डबा) तेलाच्या गळतीवर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी उचलून धरली. म्हणून तिथेच दोन ओळी खरडण्यापेक्षा स्वतंत्र लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश असा: जुनी जीप गळतेच, गळायची थांबली तर आतलं तेल संपलं असं समजावं. मी नवशिक्या पोरांना उगाच अख्खा बॉक्स खाली घ्यायला लावतोय. तुम्ही १४० नंबर ऑइल आणि सील फुगवायच्या औषधाची एक बाटली ओतून दोन पावसाळे आरामात काढले. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे प्रकार म्हणजे सगळं इंटरनेटवाल्यांचं सोवळं. आणि जाता जाता ट्रान्सफर केसमधल्या इंटरमिजिएट (मधल्या) शाफ्टबद्दल एक प्रश्न. त्याचं उत्तर शेवटी देतो.

गळतीबद्दल तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. या गाडीचा टी-९० गिअरबॉक्स चाळीसच्या दशकातला आणि त्याच्या पाठीला बोल्टने जोडलेला स्पायसर १८ ट्रान्सफर केस तर थेट १९४१ सालच्या लष्करी जीपपासून चालत आलेला. त्या काळी शाफ्टवर चामड्याची सीलं असायची, ती थोडी ओलावणारच. पॅकिंगच्या कडेला ओल दिसली, त्यावर धूळ चिकटून काळा थर बसला, एवढ्यावर मीही पान्हा हातात घेत नाही. बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) खालच्या भोकातून आठवड्याला चार थेंब पडत असतील तर तेही खुशाल पडू देत.

पण मागच्या फ्लँजची (प्रॉपेलर शाफ्ट जोडायच्या चकतीची) गोष्ट वेगळी, आणि नेमकी तीच तुमच्या प्रतिक्रियेत कुठे आली नाही. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुट शाफ्टवर ड्रम असतो आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट त्यालाच जोडलेला असतो. म्हणजे मागचं ऑइल सील गेलं की तेल आधी ड्रमच्या आत उडतं, ब्रेक शूवरचे लायनर भिजवतं आणि मग जमिनीवर पडतं. खाली जो डाग दिसतो तो उरलेल्या तेलाचा. ड्रम काढला की शूवर काळा, चिकट, चकाकणारा थर दिसतो. नखाने खरवडला तरी खालून पुन्हा तेल पाझरतं, कारण ते लायनरमध्ये मुरलेलं असतं. काही जण असे शू पेट्रोलने धुऊन, पेटवून पुन्हा बसवतात. दोन दिवस पकडतात, मग पुन्हा घसरतात. लायनर नवीनच लावून घ्यावे लागतात. (जुना लायनर अॅस्बेस्टॉसचा असू शकतो. ती धूळ हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.)

वरंधा घाटात चढावर गाडी लावून हँडब्रेक ओढला आणि क्लीनरला दगड शोधायला पाठवलं, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर हसून सोडून द्यायची इतकी सवय झालीय की ब्रेक धरत नाही त्याचं कारण गळकं सील आहे हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. तसाही हा ब्रेक लंगडाच. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि ड्रम करकचून आवळलेला असला तरी गाडी जॅकवरून सरकू शकते. त्यात तेलाची भर नको.

आता १४० नंबर आणि औषधाची बाटली. दोन पावसाळे गळती कमी राहिली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. जाड तेल सावकाश गळतं. सील फुगवणारं औषध कडक झालेल्या रबराला थोडं मऊ करतं, शाफ्टला टेकणारा सीलचा ओठ फुगवतं, तेही खरं. पण तेल बाहेर यायला त्या फ्लँजपाशी तीन वाटा आहेत आणि औषध त्यातल्या एकाच वाटेवर, म्हणजे कडक झालेल्या ओठावर, काम करतं. फ्लँजच्या गळ्यावर सीलच्या ओठाने वर्षानुवर्षं घासून चर पाडलेला असतो, तो औषधाने भरत नाही. आणि फ्लँजच्या आतल्या स्प्लाइनमधून (शाफ्टवर बसणाऱ्या दात्यांमधून) तेल सरपटत नटापर्यंत येतं आणि वॉशरखालून बाहेर पडतं, तिथे तर सीलचा संबंधच नाही. नवं सील टाकूनही गळतं म्हणून पोरं पुन्हा पुन्हा सील बदलत बसतात, ती बहुतेक वेळा या तिसऱ्या वाटेमुळे. फ्लँज बसवण्याआधी स्प्लाइन कोरडे पुसून त्यावर आणि वॉशरखाली अॅनाबॉण्ड सीलंटचा पातळ हात दिला की काम होतं. यासाठी बॉक्स उतरवावा लागत नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा, कॉटर पिन काढून नट खोलायचा, पुलर लावून ड्रमसकट फ्लँज ओढून काढायचा. माझ्या लेखात पहिलं काम हेच सांगितलंय. बॉक्स खाली घेणं सगळ्यात शेवटी आहे.

चर पडलाय का हे डोळ्याने बघू नका, नख फिरवा. नख अडकलं तर नवं सील थोडं बाहेर, दोनेक मिलिमीटर कमी आत बसवून पाहा, म्हणजे ओठ न झिजलेल्या जागेवर टेकतो. तेवढी जागा नसेल तर वर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवतात. लेथवर गळा घासून लहान करू नका, सील ढिलं बसेल.

फ्लँज हातात धरून वरखाली हलवायचंही विसरू नका. ठोके जाणवले तर बेअरिंग सैल आहे, आणि डुगडुगणाऱ्या शाफ्टवर जगातलं कुठलंही सील टिकत नाही. इथे आउटपुट शाफ्टचा प्ले मागच्या कॅपखालच्या शिमांनी (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) जमवतात. पुढे-मागे चार ते आठ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), त्याहून जास्त नको. बरेच फिटर कॅप काढताना शिमा फाटल्या की फेकून देतात आणि जागी कागदाचं पॅकिंग कापून लावतात. गाडी वर्षभराने पुन्हा दारात उभी.

ब्रीदरबद्दल (आतली हवा बाहेर पडायच्या भोकाबद्दल) तुम्ही लिहिलंय की एवढ्याशा भोकाने काय होतंय. बॉक्समधली हवा ३० अंशांवरून ८० अंशांवर गेली आणि बाहेर पडायला वाटच नसेल, तर दाब सहाव्या हिश्श्याने वाढतो. तो दाब सगळ्यात कमजोर ओठ शोधतो आणि तिथून तेल ढकलतो. उलटंही होतं. गरम झालेली जीप ओढ्याच्या गार पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि त्याच ओठातून पाणी आत ओढलं जातं. ड्रेन प्लग उघडल्यावर दुधाळ चहासारखं तेल पडलं तर समजा हेच झालंय. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात फिरवलेल्या गाड्यांत हे नेहमी दिसतं. ब्रीदर चिखलाने बुजलेला असतो, कधी रंगाने, आणि कधी तर तो हरवला म्हणून कुणी तिथे बोल्टच आवळून ठेवलेला असतो. आधी ही जागा बघा, फुकटात काम होईल.

बाटलीवर माझा खरा राग मात्र दुसऱ्याच कारणासाठी आहे. या जोडीत गिअरबॉक्समधलं तेल मेनशाफ्टच्या मागच्या बेअरिंगमधून हळूहळू ट्रान्सफर केसमध्ये सरकतं. मधलं सील म्हातारं झालं की हा प्रवास वाढतो. ट्रान्सफर केस भरून वाहायला लागतो आणि आपण म्हणतो, ट्रान्सफर गळतोय. प्रत्यक्षात गिअरबॉक्स कोरडा पडत चाललेला असतो. तुम्ही ट्रान्सफरची गळती औषधाने थोपवली तर बाहेरचा डागही नाहीसा होतो, म्हणजे इशारा देणारी एकमेव खूणही गेली. गाडी सपाट जागी रात्रभर उभी करून सकाळी दोन्हींचे लेव्हल प्लग उघडा. दोन्हींत तेल प्लगच्या भोकापर्यंत असायला हवं. ट्रान्सफरचा प्लग सैल करताच धार लागली आणि गिअरबॉक्सच्या भोकात करंगळी घालूनही तेल लागलं नाही, तर रोग कुठे आहे ते कळलंच.

तेव्हा मात्र ट्रान्सफर केस वेगळा करायलाच हवा. मागचं पीटीओचं (इंजिनच्या ताकदीवर बाहेरची यंत्रं चालवायच्या जोडणीचं) झाकण काढलं की मेन ड्राइव्ह गिअरचा नट समोर येतो, तो काढून गिअर बाहेर घ्यायचा. इथे एक गोष्ट, जी घाईत हमखास राहते. गिअरबॉक्सचं वरचं झाकण उघडून, मेनशाफ्टला दुसऱ्या गिअरच्या मागून तारेचा वेढा घालून ती तार बॉक्सला बांधून ठेवायची. मगच ट्रान्सफर मागे ओढायचा. तार नसेल तर मेनशाफ्ट ट्रान्सफरबरोबर मागे सरकतो आणि सिंक्रोचे (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रचनेचे) तुकडे बॉक्सच्या तळाशी जाऊन बसतात. दुपारचं काम दोन दिवसांवर जातं ते तिथे.

तेलाच्या सोवळ्याविषयी. गिअर ऑइल म्हणजे गिअर ऑइल, हे अॅक्सलपुरतं मान्य. तिथले हायपॉइड दात एकमेकांवर जोराने घसरतात, त्यांना जीएल-५ हवंच. पण टी-९० मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पितळी सिंक्रो रिंगा आहेत आणि ट्रान्सफरमध्ये इंटरमिजिएट गिअरच्या दोन्ही बाजूंना ब्रॉन्झचे थ्रस्ट वॉशर. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं गरम झाली की तांब्याच्या मिश्रधातूला खाऊ शकतात. आजची काही जीएल-५ तेलं तांब्याच्या पट्टीच्या चाचणीत पास होतात, हेही सांगायला हवं. तरी सिंक्रोला थोडं घर्षण लागतं, फार निसरडं तेल झालं की गिअर कर्रर्र करत पडतो. ९० नंबर जीएल-४ बाजारात मिळतं, महागही नाही, मग भानगड कशाला? १४० ने जुन्या बॉक्सचा घरघराट कमी होतो हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ट्रान्सफरमध्ये टाकायचंच असेल तर मी भांडणार नाही. गिअरबॉक्समध्ये मात्र डिसेंबरच्या सकाळी दुसरा गिअर टाकताना त्याची किंमत कळते. आणि मधलं सील गेलेलं असेल तर दोन्हीकडची तेलं एकमेकांत मिसळणारच.

'आमच्या गावचा मिस्त्री चाळीस वर्षं असंच करतोय' या मुद्द्यावर वाद घालत नाही. त्या पिढीच्या मिस्त्रींकडे पार्ट मिळत नव्हते, दुसऱ्या दिवशी गाडी शेतावर लागायची आणि त्यांनी जे हातात होतं त्यावर ती चालवून दाखवली. आज सील नाना पेठेत मिळतं, तेही किरकोळ पैशांत. परिस्थिती बदलली तर पद्धत का बदलू नये, एवढंच म्हणणं आहे.

तुमचा प्रश्न: इंटरमिजिएट शाफ्टच्या टोकातून तेल झिरपतंय, नवा शाफ्ट मागवू का? आधी जुना मोजा. या ट्रान्सफरमध्ये वेगवेगळ्या काळात पाऊण इंच, सव्वाइंचाला थोडा कमी म्हणजे १⅛ इंच, आणि १¼ इंच असे तीन जाडीचे शाफ्ट आले. दुकानदार गाडीचं नाव ऐकून जो देईल तो लागेलच असं नाही. व्हर्नियर लावा. मागची लॉक प्लेट काढून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. बॉडीत घट्ट असेल तर शाफ्ट बदलायची गरज नाही, टोकाला आणि प्लेटखाली नीट साफ करून सीलंट लावा. हाताने फिरत असेल तर बॉडीचं भोकच झिजलंय, नुसत्या नव्या शाफ्टने गळती थांबणार नाही. तेव्हा बॉडी घेऊन चांगल्या लेथवाल्याकडे जा, भोक मोठं करून बुश टाकता येतो का ते विचारा. आणि दोन्ही लेव्हल प्लग उघडून काय निघालं ते इथे जरूर लिहा.