‘गुटगुटीत बाळाला काही होत नाही’: फिरणाऱ्या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

सर्दी-खोकल्याचा हंगाम सुरू झाला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: विषाणूचा खोकला छातीत उतरतो तो फक्त कमी दिवसांच्या किंवा मुळात आजारी बाळांच्या, पूर्ण दिवसांच्या गुटगुटीत बाळाची काळजी नको. ताप 102च्या वर नसेल तर दवाखाना नको. तीन दिवस निघाले की धोका टळला. छाती वाजत असेल तर लगेच अँटिबायोटिक सुरू करा. यातलं पहिलं विधान अर्धसत्य आहे, त्यामुळे तेच जास्त घातक. बाकीची सरळ चुकीची.

‘धोका फक्त आजारी बाळांना’

खरा भाग आधी. 32 आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ, जन्मानंतर बराच काळ ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटरवर राहिल्याने फुफ्फुसं कमकुवत झालेलं बाळ, जन्मजात मोठा हृदयदोष, डाउन सिंड्रोम, स्नायूंचा दुबळेपणा, खालावलेली प्रतिकारशक्ती: अशा मुलांना आरएसव्ही (तान्ह्यांच्या श्वासनलिका-फुफ्फुसांना गाठणारा एक विषाणू) किंवा फ्लू झाला तर आयसीयू लागण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. पण जोखमीचा घटक शक्यता वाढवतो. तो नसला म्हणून शक्यता शून्यावर येत नाही.

हिशेब करून पाहू. समजा 1,000 बाळं आहेत. त्यातली 100 कमी दिवसांची, आणि त्यांच्यापैकी 10 टक्के दाखल होतात. म्हणजे 10 बाळं. उरलेली 900 पूर्ण दिवसांची, त्यांच्यात प्रमाण फक्त 2 टक्के. म्हणजे 18 बाळं. एकेका बाळाचा धोका पाचपट कमी, तरी वॉर्डात गर्दी ‘निरोगी’ बाळांचीच. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण प्रत्यक्ष चित्र याच वळणाचं आहे: आरएसव्हीमुळे दाखल होणाऱ्या तान्ह्यांमध्ये बहुसंख्य आधी ठणठणीत असलेली, पूर्ण दिवसांचीच असतात. आरएसव्हीवरची जुनी प्रतिपिंडं (विषाणूला रोखणारी, इंजेक्शनने दिली जाणारी तयार प्रथिनं), पॅलिव्हिझुमॅब, निवडक जोखमीच्या बाळांनाच देत. 2022 नंतर आलेलं निर्सेव्हिमॅब मात्र पहिल्या हंगामातल्या सरसकट सगळ्या तान्ह्यांना देता यावं अशाच बेताने आणलं गेलं. त्यामागे हाच हिशेब आहे.

मेसेजने गाळलेला सगळ्यात मोठा घटक म्हणजे वय. पहिले तीन महिने सर्वाधिक नाजूक. श्वासनलिका जितकी अरुंद, तितकी सूज महागात पडते, कारण हवा संथ वाहत असताना अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. 4 मिमी व्यासाच्या नळीत सगळीकडून 1 मिमी सूज आली तर त्रिज्या 2 वरून 1 मिमीवर येते आणि अडथळा 16 पट होतो. 8 मिमीच्या नळीत तेवढीच सूज आली तर तो जेमतेम 3 पट. बाळाचं वजन किती छान आहे याचा या गणिताशी संबंध नाही. शिवाय दोन महिन्यांच्या आतल्या बाळात, विशेषतः कमी दिवसांच्या, खोकल्याआधीच श्वास मध्येच थांबणं हे पहिलं लक्षण असू शकतं.

घरातला विडी-सिगारेटचा किंवा चुलीचा धूर आणि शाळेत जाणारं सर्दीवालं भावंड हेही घटकच. आईच्या दुधाने धोका कमी होतो, संपत नाही.

‘ताप 102च्या आत, म्हणजे सौम्य’

तापावरून या आजाराची तीव्रता ठरत नाही. दमलेल्या तान्ह्याचं अंग उलट गारही पडतं. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला, की डॉक्टरांना दाखवायला तेवढंच कारण पुरेसं आहे.

पाहायचा तो श्वास. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचा कपडा वर करा आणि पोटाची हालचाल पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणू नका, तान्ह्यांचा श्वास मुळातच अनियमित असतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 ते 11 महिन्यांत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, नाकपुड्या फुगणं, दर श्वासाला कण्हणं, ओठ निळसर होणं: यातलं काही दिसलं तर आकडा न पाहता निघा. छातीची शिट्टी अचानक थांबली पण बरगड्या ओढल्या जातच आहेत, तर तो आराम नव्हे. हवाच आत जात नाहीये.

मोठ्यांचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटाला नीट बसत नाही. बसला तरी जीव तोडून श्वास घेणारं बाळ काही काळ 95 दाखवू शकतं.

‘तीन दिवस काढले की सुटलो’

इथे मेसेज नेमका उलटा आहे. ब्राँकिओलायटिसमध्ये, म्हणजे विषाणूमुळे फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिका सुजतात त्या आजारात, पहिले दोन दिवस नुसतं नाक वाहतं. त्रास बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोहोचतो. म्हणून पहिल्याच दिवशी ‘छाती साफ आहे’ असं कळलं, तरी चौथ्या दिवशी पुन्हा पाहावं लागतं. या दिवसांत दूध मोजा. नेहमीच्या निम्म्यावर आलं किंवा 12 तास लंगोट ओला झाला नाही, तर दाखवायलाच हवं. कमी दिवसांच्या किंवा हृदयदोष असलेल्या बाळासाठी तेवढीही वाट पाहू नये.

‘छाती वाजतेय, अँटिबायोटिक द्या’

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. सोबत जिवाणूंचा संसर्ग असेल तर ते डॉक्टर ठरवतात. पहिल्या ब्राँकिओलायटिसमध्ये सॅल्ब्युटामॉलची (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाची) वाफ आणि स्टेरॉइड यांचाही सरसकट उपयोग दिसलेला नाही, कारण अडथळा मुख्यतः सूज आणि चिकट स्रावाचा असतो. घरी करण्याजोगं आहे ते साधं: दूध पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब, बाहेर आलेला शेंबूड हलकेच पुसून घेणं, आणि एका वेळी थोडं पण वारंवार पाजणं. तान्हं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की ते धड पिऊही शकत नाही.