गंज हळदीने येत नाही

सध्या मोबाईलवर एक संदेश जोरात फिरतोय. आशय असा: ‘स्केल मॉडेल (गाडी, बोट, रणगाड्याची प्लॅस्टिकची छोटी प्रतिकृती) जुनं, गंजलेलं दाखवायला महागड्या बाटल्या कशाला? स्वयंपाकघर उघडा. गंजाला हळद, दालचिनी, कॉफी; धुळीला दारातली माती; उडालेल्या रंगाला मीठ; वॉश (खाचाखोचांत उतरणारा पातळ रंग) पातळ करायला नेलपॉलिश रिमूव्हर. खर्च शून्य.’ काटकसरीला माझा अजिबात विरोध नाही, माझं निम्मं सामान घरातलंच आहे. पण या यादीतल्या बऱ्याच गोष्टी आमच्या गोव्यातला एक पावसाळा काढणार नाहीत, आणि एक तर पहिल्याच दिवशी मॉडेल खाऊन टाकेल.

हळदीपासून सुरू करू. हळदीचा डाग पडलेलं कापड आपण धुऊन उन्हात घालतो ते कशासाठी? डाग उडावा म्हणून. मग हळदीचा ‘गंज’ खिडकीजवळच्या कपाटात किती दिवस टिकेल? दालचिनी आणि कॉफी तर खायच्याच वस्तू. आषाढात चपलांवर बुरशी चढते, ती यांना सोडेल होय? शिवाय गंज म्हणजे सगळीकडे सारखा तपकिरी भुरका नव्हे. पणजी-बेतीच्या फेरीबोटीकडे नीट बघा. बोल्टांच्या खालून ओघळ उतरलेले असतात, ताजा गंज नारिंगी, जुना जवळजवळ काळा. आणि गाड्या चढतात-उतरतात तिथला पत्रा रोज घासला जाऊन चकचकीत, गंज नाहीच. ती चकाकी आणायला ६बी पेन्सिलीचं शिसं बोटावर घेऊन कडेवर चोळलं की झालं. ही खरी घरगुती युक्ती, पण संदेशात तिचा पत्ताच नाही.

मातीचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. आमच्या चिऱ्याच्या मातीचा लाल रंग लोह ऑक्साइडचा, म्हणजे खुद्द गंजाच्याच घरचा. देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रं याच लाल रंगातली, त्यामुळे टिकण्याची शंका नको. अडचण कणाची आहे. १:७२ मापात अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे ३६ मिलिमीटरचा खडा. रणगाड्यावर धूळ दिसायला हवी, खडी नाही. म्हणून माती पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा, जड कण तळाला बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. रात्रभरात त्याचा गाळ बसतो. वरचं पाणी काढून टाकून गाळ वाळवा, तव्यावर चांगला भाजा, जुन्या मलमलीतून चाळा. बोटांमध्ये चोळल्यावर टाल्कम पावडरीसारखा लागला की कामाचा. एवढा खटाटोप नको असेल तर वाण्याकडची काव किंवा गेरू आणा आणि तीही चाळूनच वापरा.

मिठाची पद्धत मॉडेलवाल्यांमध्ये जुनी आणि मान्य आहे. वाळलेला खालचा रंग पाण्याने ओला करून त्यावर मीठ पेरायचं, वरून दुसरा रंग मारायचा, वाळल्यावर मीठ खरवडायचं. संदेशात गाळलेली गोष्ट म्हणजे शेवटची धुलाई. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि आपल्याकडे पावसाळाभर हवा तशीच असते. माझ्या मांडवीतल्या खनिज बार्जच्या मॉडेलवर कोपऱ्यात चार दाणे राहिले, त्यावर मी वार्निश मारलं, आणि ऑगस्टपर्यंत तिथे दुधाळ फोड आले. त्यापेक्षा केसांचा स्प्रे बरा. तो खालच्या रंगावर मारा, वाळल्यावर वर पाण्यातला ॲक्रिलिक रंग द्या, मग ओल्या ब्रशने हळूच घासा. वरचा रंग एनॅमल (पाण्यात न मिसळणारा तेलकट रंग) असेल तर मात्र पाण्याने पोपडे निघणार नाहीत.

राहिलं नेलपॉलिश रिमूव्हर. बहुतेकांत ॲसिटोन असतो आणि तो मॉडेलचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवतो. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनरही तेच करतं. कृपा करून मुलांच्या हातात हे देऊ नका. ॲक्रिलिक रंग आणि त्यावरचं वार्निश पूर्ण वाळलं की चित्रकलेच्या ऑइल कलरचा मोहरीएवढा ठिपका टर्पेंटाइनमध्ये पातळ करून वॉश द्या. ट्यूब स्वस्त आहे, वर्षानुवर्षं पुरते. खिडकी तेवढी उघडी ठेवा.

किट जोडून झाल्यावर उरलेली प्लॅस्टिकची फ्रेम फेकू नका. तिच्या तुकड्यांवर हळद, काव, मीठ, जे वापरायचं ते लावून मृगाला खिडकीत ठेवा आणि चवथीला उचलून बघा.